मामेसासऱ्यांचा जपानचा फॅक्स

माणसामाणसांत जेवढी म्हणून अंतरं आहेत, ती सगळी घशाच्या जोरावर कापता येतात, असा आमच्या मामेसासऱ्यांचा ठाम विश्वास आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. उभा जन्म टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेला, त्यामुळे त्यांचा आवाज किलोमीटरच्या हिशेबानं चढतो. जानेफळच्या घरून त्यांनी जवळच्या बीबी गावाला फोन लावला तर ते साधं बोलतात, बुलडाण्याला लावला तर शेजारी आपला टीव्ही बंद करतात आणि नागपूरला बोलायचं असलं की मामी आधी झोळीतलं नातवंड उचलून परसात नेतात. मोबाइल ते वापरत नाहीत. "ज्याले तारच नाही, त्याचा भरोसा काय?" म्हणतात. रस्त्यानं जाताना टेलिफोनचा जुना खांब दिसला की त्याला कान लावल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नाही. मेहकरच्या रस्ता रुंदीकरणात तांब्याच्या तारा उपटल्या गेल्या, त्या दिवशी हा माणूस जेवला नाही. मामींनी कारण विचारलं, तर म्हणाले, "घरात मयत झाल्यावर कोनी जेवते काय?" तार नसलेल्या खांबात काय ऐकता, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं होतं. "आता काही येत नाही," ते म्हणाले, "पन पाहाले काय जाते?"

असा माणूस आमच्या ऑफिसात कसा शिरला, त्याला कारण काळे तीळ. जानेफळ-साखरखेर्डा भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक छोटी कंपनी काढली आहे, तिचं मेहकरातलं दोन खोल्यांचं ऑफिस मी सांभाळतो. आमचे तीळ जपानमधल्या एका व्यापाऱ्याला पसंत पडले. परदेशी जाणारा हा आमचा पहिलाच माल. पण त्या भल्या गृहस्थाची एकच अट होती. करारावर सही-शिक्का करून दोन्ही पानं फॅक्सनंच पाठवायची, आणि तीही शुक्रवारी त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत, म्हणजे आपल्या दुपारी दोनच्या आत. नाहीतर ते दुसरीकडून माल घेणार. आता फॅक्स म्हटला की टेलिफोनची तार हवी, आणि तारांचं तर आधीच सुतक पाळून झालेलं. बसस्टँडजवळ दुकान असलेले रफीकभाई म्हणाले, "टेन्शन नको घेऊ भाऊ, इंटरनेटवरून फोन चालते. एक डब्बी लागते फक्त." त्यांनी डबी आणली, एका बाजूनं इंटरनेट जोडलं, दुसऱ्या बाजूनं आमचं जुनं फॅक्स मशीन. मशीननं शीळ घातली, किंकाळ्या फोडल्या आणि 'पाठवता आले नाही' अशी चिठ्ठी बाहेर टाकली. बुधवार संध्याकाळपर्यंत अशा चिठ्ठ्यांची चळत साठली. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मामेसासरे येऊन धडकले. बोलावलं कुणीच नव्हतं. बायकोनं फोनवर सहज सांगितलं, एवढंच निमित्त.

आल्या आल्या त्यांनी डबीला तीन प्रदक्षिणा घातल्या, हात लावायच्या आधी चपला काढल्या आणि पिशवीतून आपला जुना रिसीव्हर काढून त्याच लायनीला जोडला. कान लावल्याशिवाय लाइन समजत नाही, हा त्यांच्या खात्याचा धर्म. मशीननं जपान गाठलं, तिकडून शीळ आली, आणि मामेसासऱ्यांनी छाती भरून घेतली. "हॅलो! मेहकर बोलून राह्यलो! हॅलो जपान!" शेजारच्या खताच्या दुकानातली गिऱ्हाइकं दारात जमा झाली. मी कपाळाला हात लावला. पण मग ते गप्प झाले. डोळे मिटून त्यांनी चार-पाच वेळा ती शीळ ऐकली आणि रफीकभाईंकडे वळले. "काऊन बे रफीक, आवाज दाबून पाठोतं काय तू?"

रफीकभाई चमकले. खरंच तसं होतं. कमी इंटरनेटात भागावं म्हणून डबीत आवाज दाबून, बारीक करून पाठवायची सेटिंग त्यांनीच ठेवली होती.

"पन मामू, बोलनं तो एकदम साफ जाते!"

"मानसाचा आवाज दाबला तं मानूस समजून घेते," मामेसासरे म्हणाले, "मशीन काऊन समजून घेईन?"

रफीकभाईंनी सेटिंग बदलली, मशीनचा वेगही कमी केला, आणि शीळ एकदाची जुळली; पण तेवढ्यात दोन वाजले आणि तिकडचं ऑफिस बंद झालं. "कान है के मीटर!" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या पैशानं चहा मागवला. आमच्या ओळखीत त्यांनी असं प्रथमच केलं.

शुक्रवारी मात्र नवीच पीडा. पान अर्धं जायचं आणि तुटायचं. एक वाजला, सव्वा झाला. मी घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालायला लागलो, कारण गावोगावची माणसं तीळ पोत्यांत भरून बसली होती आणि त्यांना हे 'होईल' असं सांगणारा मीच होतो. डबा घेऊन आलेल्या बायकोच्या लक्षात आलं. पान निघालं रे निघालं की मामेसासरे हळूच रिसीव्हर उचलायचे, नीट जातंय ना ते ऐकायला. तेवढ्या खटक्यानं लाइन बिघडायची.

"मामा, ठेवा ना थो फोन खाली."

"मंग समजन कसं, जाऊन राह्यलं का नाही?"

"नाही समजलं तरी जाईन."

ज्या कानानं काल आमची लाज राखली, तोच कान आता आम्हाला नको होता. मला फार वाईट वाटलं. त्यांनी रिसीव्हर पिशवीत घातला, खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. पावणेदोनला तिकडून पोच आली, काळा उमटलेला एक शिक्का आणि खाली हातानं लिहिलेली एक ओळ. अक्षर थरथरतं होतं. मामेसासऱ्यांनी कागद उजेडात धरला, बराच वेळ धरला. "म्हातारा मानूस दिसते हो," ते म्हणाले, "माह्याच वयाचा असंन."

तीळ गेले, पसंतही पडले. आता महिन्यातून एकदोनदा फॅक्सचं काम निघतं, त्या दिवशी मामेसासरे इस्त्रीचा शर्ट घालून जानेफळहून येतात, पान लावतात आणि हात मांडीखाली घालून बसतात. गेल्या आठवड्यात अशाच एका दिवशी जपानहून ई-मेल आला, की यापुढे फॅक्सची अट नाही, सगळं ई-मेलवर चालेल, तेच दोघांना सोयीचं. मी तो दोनदा वाचला. बाहेरच्या खोलीत मामेसासरे रुमालानं डबी पुसत होते. मी एका कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहिलं, 'आमच्याकडे फॅक्सच सोयीचा पडतो, कृपया तोच चालू ठेवावा', खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात दिला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही.

"अर्जंट आहे काय, जावाईबापू?" त्यांनी विचारलं.

"हाव मामा," मी म्हटलं, "आजच गेला पाहिजे."