मोड आलेलं पोतं

वैनगंगा आमच्या घरात शिरली ती दरोडेखोरासारखी. मागची भिंत एका लाथेत पाडली, चूल उपटली आणि म्हशीला असं भिरकावलं की ती थेट पुलापलीकडं जाऊन पडली. भाऊ म्हणतो, म्हैस वाहून गेली. एवढाच काय तो आमचा मतभेद.

कणगी फुटायच्या आत मी आणि थोरल्या भावानं एक पोतं भिजका धान ओढून काढला आणि उंचावरच्या शाळेत नेला. अर्धं गाव तिथंच होतं, उपाशी. रोवलेली भाताची बांधी तर केव्हाच बुडाली होती.

मायनं शाळेचा खिचडीचा गंज चुलीवर चढवला. "भिजलाच हाये, तर उकडून घेतो."

"हात नको लावू, माय! बिजाई हाये ते," भाऊ गरजला. "पाणी उतरलं का फेकतो बांधीत. हलका धान, लवकर पिकून जाते."

"तवरिक काय खाशीन? गोटे?" मी म्हटलं.

"तुहं काळीज!"

त्यानं बुक्की हाणली. माझे सतरा दात पडले. नंतर चाचपले तर दोनच कमी होते, पण उडताना मी सतरा मोजले होते. मी त्याच्या दंडाचा लचका तोडला. पोराबाळांचे बाप आम्ही, बाकं मोडत, एकमेकांचं डोकं भिंतीवर आपटत होतो. शेवटी मायनं तांब्याभर कढत पाणी आमच्यावर फेकलं. पाठ सोलून निघाली.

"मरायचं तं बाहेर जाऊन मरा!"

आणि तिनं अर्धं पोतं गंजात ओतलं.

उरलेल्या अर्ध्यावर भाऊ विळा घेऊन बसला. उकडलेला धान बायांनी भाजून वाळवला, उखळात कांडला, पुन्हा गंजात शिजवला, अख्ख्या शाळेनं तीन दिवस खाल्ला. भावानं शीतही तोंडाला लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोत्याला बोटभर पांढरे मोड फुटले. आज पेरलं नाही तर सडणार, आणि बांधीत अजून छातीभर पाणी. भाऊ पोतं खांद्यावर टाकून त्यात शिरला. मागून शिव्या घालत मी.

बांधाचा धुरा कुठं, बांधी कुठं, काही दिसेना. तो मुठी भरभरून धान पाण्याच्या थोबाडावर मारत सुटला, गोटे मारावे तसा. "घे! हेही खाय! खाय, रांडे!"

धारेनं सगळा नेला.

परत येऊन तो गंजासमोर बसला. "वाढ, माय."

मायनं गंज उपडा करून दाखवला. त्यातलं शेवटचं वाढणं सकाळी मीच दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं.