मागचा लंगर

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी समुद्रावर झाली, आणि आम्ही राहतो बोरगाव मेघेत, जिथे पाणी म्हटलं की नळ केव्हा येणार एवढाच विषय असतो. हे मूळचे रोहण्याचे. कापूस-तुरीच्या घरातला मुलगा नौदलात गेला याचं गावाला कौतुक होतं, पण तो कसल्या जहाजावर आहे हे कळल्यावर ते जरा ओसरलं. तोफांचं नाही, पाण्याखालचंही नाही. रणगाडे आणि जवान किनाऱ्यावर नेऊन उतरवणारं मध्यम आकाराचं जहाज. "म्हंजे टरकच म्हना की," असं माझे मोठे दीर भर पंगतीत म्हणाले. हे हसले. मी मात्र दिरांच्या ताटात दुसऱ्यांदा वरण वाढलं नाही.

निवृत्तीनंतर मी भाजी निवडायला बसले की हे त्या जहाजांचा इतिहास सांगत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या किनाऱ्यावर फौजा उतरवायच्या होत्या. लहान नावा खुल्या समुद्रात टिकेनात, मोठी जहाजं फार हळू चालत. म्हणून अमेरिकेनं मधल्या मापाचं जहाज काढलं. बूड सपाट, नाकाशी दारं; दारं उघडली की उतरण खाली येते आणि रणगाडा थेट वाळूवर. युद्ध संपलं, त्यातली बरीच भंगारात गेली, पण कल्पना टिकली. पुढे पोलंडनं आपल्या पद्धतीची बांधली, त्यातली काही आपल्या देशात आली, आणि त्यातल्या एकावर हे. "बाकी सारे जहाज जमिनीले भेतात," हे म्हणत, "आमचंच तेवढं जानूनबुजून जमिनीवर चढते."

चढणं सोपं, निघणं अवघड. म्हणून किनारा यायच्या आधीच, मागे खोल पाण्यात, एक लंगर टाकून द्यायचा आणि त्याची तार सोडत सोडत पुढे जायचं. काम झालं की यंत्रानं ती तार गुंडाळायची, म्हणजे जहाज स्वतःच स्वतःला मागे ओढून घेतं. लंगर टाकायला विसरलात तर ओहोटी तुम्हाला वाळूवर सोडून निघून जाते. हे त्या मागच्या यंत्रावर होते. सगळं जहाज किनाऱ्याकडे तोंड करून उभं असे आणि हे एकटे पाण्याकडे. तार ताणली की गुणगुणते, असं ते सांगत. तिला झटका द्यायचा नाही, नाहीतर तुटते आणि माणूस कापून जाते.

हे सगळं गोष्टीत राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण यांनी ते घरात आणलं. रोहण्याहून अंबाडीचा जाड दोर आणला आणि त्याचं एक टोक मागच्या अंगणातल्या कडुनिंबाला कायमचं बांधलं. घरातलं कोणी अवघड कामाला बाहेर निघालं की दुसरं टोक मागच्या दारातून आत आणायचं आणि त्या माणसाच्या पलंगाच्या पायाला बांधायचं. माणूस परतलं की सोडायचं, वेटोळं करून खिळ्याला अडकवायचं. मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात गेली तेव्हा बांधला. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाही. मी घरी आले, तर पाण्याचा ग्लास द्यायच्या आधी हे पलंगाखाली वाकून गाठ सोडत होते. मी म्हटलं, "अहो, मी का म्हैस आहो?" शेजारणी महिनाभर हसत होत्या. वर्षं गेली, निंबाची साल त्या गाठीच्या दोन्ही बाजूंनी फुगून आली.

गेल्या उन्हाळ्यात यांच्या छातीत दुखायला लागलं. ऑपरेशनला निघताना गाडी दारात उभी, आणि हे आत स्वतःच्या पलंगाला दोर बांधत बसलेले.

"मी येतवरी सोडू नोको," मला म्हणाले.

"नाई सोडत. बसा आधी गाडीत."

ऑपरेशन झालं, पण हे शुद्धीवर येईनात. डॉक्टर वाट बघा म्हणाले. मुलीनं मला आंघोळीला घरी पाठवलं. भर दुपार होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कुलूप उघडलं, दार ढकललं, तर ते उघडेना. आतून काहीतरी टेकलं होतं. फटीतून पाहिलं तर यांचा पलंग. आतल्या खोलीतला लोखंडी पलंग पुढच्या दाराशी येऊन ठेपला होता.

मी घराला वळसा घालून मागून गेले. मागच्या दाराची बाहेरची कडी दोरापुरती फट ठेवून लावलेली, तशीच होती; ती काढून आत पाहिलं. फरशीवर पलंगाच्या पायांचे ओरखडे होते. जाताना जमिनीवर सैल पडलेला दोर आता गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणून उभा होता, निंबापासून थेट पुढच्या खोलीपर्यंत. त्याच्यातून बारीक आवाज येत होता. मी हात लावला. दोर ओला होता. महिना मे, पावसाचा थेंब नाही.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा राग जास्त आला. कोण नेतंय माझ्या माणसाला, आणि मला न विचारता? मी पदर खोचला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि मागे रेलले. झटका दिला नाही. हळूहळू, नुसतं वजन टाकून. रिकाम्या पलंगाला एवढं वजन नसतं. खालून वाळू खरवडल्यासारखा आवाज येत होता आणि आमची फरशी तर गुळगुळीत आहे. तळहात सोलून निघाले. मग एकदम सगळं हलकं झालं, पलंग किंचाळत माझ्याकडे आला आणि मी अंगणात उताणी पडले.

दवाखान्याच्या जिन्यातच मुलगी रडत भेटली. "आई, बाबानं डोळे उघडले! तू घरी गेलती ना, तवाच."

घरी आल्यावर यांनी पलंगाची गाठ सोडली, आणि मग माझे तळहात पाहिले.

"तू ओढलं?"

"मंग काय शेजारीण ओढीन?"

हे हसले नाहीत. माझे हात हातात घेतले. "मी लय दूर गेलतो," म्हणाले. "उथळ पानी होतं. पाय टेकले होते माहे." मग म्हणाले, "पुन्हा ओढू नोको."

"काऊन?"

"चहा ठेव ना जरा," असं म्हणून त्यांनी तोंड निंबाकडे फिरवलं.

त्यानंतरचा पावसाळा आणि हिवाळा चांगला गेला. हे फिरायला जात, भाजी आणत, माझ्याशी भांडत. फक्त दुपारी मागच्या दारात खुर्ची टाकून बसत, रस्त्याकडे पाठ करून. मला वाटलं, आता आपल्याला कुठंच जायचं नाही. म्हणून दोर खिळ्यालाच राहिला.

एका दुपारी जेवण करून हे आपल्या पलंगावर आडवे झाले आणि उठले नाहीत. कुठं गेले नव्हते, कुठं जाणारही नव्हते. मी हाक मारली, हलवलं, आणि मग धावत दोराकडे गेले. डॉक्टरला फोन नंतर केला, आधी दोर. खिळ्यावरून वेटोळं ओढलं, टोक यांच्या पलंगाच्या पायाला करकचून बांधलं आणि अंगणात येऊन जीव खाऊन ओढलं.

पलंग हलला नाही, निंबाकडचा दोर मात्र सरसर माझ्या हातात आला. सगळाच.

मी निंबापाशी गेले. इतक्या वर्षांची गाठ सोडलेली होती. खोडावर नुसता खोल वळ होता, आतली साल ओली, ताजी. तुटलेलं काही नव्हतं. सावकाश, सालीला न दुखवता, जाणत्या हातानं सोडलेलं होतं.

अहो, मला निदान विचारायचं तरी.