वॉर्निशवरची सही

ती सही मी पुसली. चुकून नाही, समजून-उमजून. काडीला कापूस गुंडाळला, तो स्पिरिट आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणात बुडवला आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात दोनदा फिरवला. ‘यो. भिंगारदिवे’ ही तांबडी अक्षरं कापसावर आली. शेजारी वाचनालयाचे चिटणीस रासने वकील उभे होते. त्यांना कापूस दाखवून मी म्हणालो, “पाहा. खोटी आहे.”

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. आज पन्नाशीला आलो. जुनी तैलचित्रं साफ करणं, दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. या काळात शेकडो चित्रं हाताखालून गेली आणि बहुतेक कामं चांगली झाली, हे मी संकोच न करता सांगतो. हे एक काम मात्र मनातून जात नाही.

बहात्तर साली नगरच्या एका जुन्या वाचनालयाने मला मुंबईहून बोलावून घेतलं. दिवाणखान्यात इंग्रजी अमलातल्या एका कलेक्टरचं मोठं चित्र होतं. निळा कोट, टेबलावर टेकलेला हात, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. दुष्काळाचं वर्ष. सगळ्या जिल्ह्याचा फुफाटा त्या साहेबाच्या तोंडावर येऊन बसला होता. वर्धापनदिन आठ दिवसांवर होता. चित्र स्वच्छ करायचं आणि ते ज्यांनी काढलं त्या योसेफ भिंगारदिवे मास्तरांचा सत्कार करायचा, असा रासने वकिलांचा बेत. चित्राखाली मास्तरांच्या नावाची पितळी पाटीही लागणार होती. मास्तर ब्याऐंशी वर्षांचे होते आणि नगरातच राहत होते.

अडचण एकच होती. चौकटीवर आधीपासून एक पाटी होती, मुंबईच्या एका स्टुडिओच्या मालकाची. कमिटीतल्या काहींचं म्हणणं, चित्र त्या मालकाचंच. मास्तर तिथे नोकर होते, त्यांनी फार तर कोट रंगवला असेल. मग वकिलांनी निर्णय माझ्यावर टाकला.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तैलचित्र पुरतं वाळलं की चित्रकार त्यावर वॉर्निशचा पारदर्शक थर देतो. सही त्याच्या आधी झालेली असते. म्हणून सही वॉर्निशच्या खाली असेल तर भरवशाची, वर असेल तर नंतर कोणीतरी केलेली. ही सही वर होती. मी खूश झालो. इतका सोपा निकाल क्वचित मिळतो.

कापूस उचलला तेव्हा वाचनालयाचा शिपाई गणपत पुढे आला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा असेल. मी त्याला अरेतुरेच करत होतो.

“सायेब, थांबा जरा. ती सही मास्तरांचीच हाय. इंग्रज गेला त्या साली केली त्यांनी. माझ्या म्होरं. म्या स्टूल धरला हुता.”

“म्हणजे सही नंतरची आहे, हे तूच सांगतोयस.”

“नंतरची हाय. पन खोटी न्हाई.”

वकील हसले. “गणपत, कोर्टात तुझ्यासारखा साक्षीदार मिळाला ना, तर आपलाच पक्षकार आत जायचा.”

मीही हसलो आणि कापूस फिरवला.

त्याच दिवशी रिपोर्ट दिला. सही नंतरची असून अस्सल नाही, चित्र स्टुडिओच्या मालकाचं मानावं, आणि ‘शिपायाचं सांगणं ग्राह्य धरता येत नाही’. हे शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. रिपोर्टला वजन यावं म्हणून लिहिलं. सत्कार रद्द झाला. पाटीही रद्द झाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः आले. पांढरा लांब कोट, काळी टोपी, हातात छत्री. आधी बराच वेळ चित्र पाहत राहिले. कोटाचा निळा पुन्हा वर आला, काम स्वच्छ झालंय, असं म्हणाले. मग रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

रागावले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी स्टुडिओतल्या दिवसांबद्दल सांगितलं. नगरच्या मिशन शाळेत चित्रकला शिकून ते विशीत मुंबईला गेले. स्टुडिओचे मालक गोऱ्या साहेबांशी इंग्रजी बोलायचे, कोळशाने चार रेघा मारायचे आणि उठायचे. पुढचं सगळं मास्तर करायचे. साहेब लोकांना बसायला वेळ नसे. थोड्या बैठकांत चेहरा पुरा करायचा. कोट लाकडी सांगाड्यावर चढवायचा. हातांसाठी स्टुडिओच्या उत्तर हिंदुस्थानी रखवालदाराला बसवायचं. “इलाख्यातल्या निम्म्या साहेबांना एकाच पुरभय्याचे हात आहेत,” असं म्हणून ते हसले. सही करायची परवानगी नोकरांना नव्हती. पुढे फोटोंमुळे धंदा बुडाला, आणि मास्तर गावी परत येऊन ड्रॉइंग मास्तर झाले.

उठताना त्यांनी एकच विचारलं.

“चौकट काढून कडा पाहिल्यात का?”

“गरज पडली नाही.”

“एकदा पाहा.”

मी सांगितलं की चौकटीवरचं प्लॅस्टरचं नक्षीकाम ठिसूळ झालंय, काढायला गेलं तर फुटेल. मास्तर “बरं” म्हणाले आणि छत्री टेकत निघून गेले.

मी खोटं बोललो होतो. अर्ध्या दिवसात चौकट सुखरूप निघाली असती. किंबहुना साफ करण्याआधी ती काढायची असते, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण रिपोर्ट गेला होता. कडांवर वेगळं काही निघालं तर तो बदलावा लागणार, ही मला भीती होती.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, आणि वाचनालयाच्या भिंतीत वाळवी आली. ती चौकटीत शिरली म्हणून मला पुन्हा बोलावणं आलं. आता चौकट काढण्यावाचून इलाज नव्हता. गणपतने चित्र उतरवायला हात दिला. आता आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

चित्राच्या पाठीवर तपकिरी कागद चिकटवलेला होता. चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठेही फाटलेला नाही, वर स्टुडिओचा छापील शिक्का. म्हणजे स्टुडिओतून निघाल्यापासून आत कोणाचा हात गेला नव्हता. मी तो कापला आणि चौकट सोडवली. कॅनव्हास लाकडी सांगाड्यावर ताणून खिळ्यांनी ठोकलेला असतो. त्याची बाजूला वळलेली पट्टी चौकटीत झाकली जाते, म्हणून ती कोणाला दिसत नाही.

डाव्या पट्टीवर रंगाचे सात ठिपके होते. सगळे कातडीच्या रंगाचे. चेहऱ्यासाठी मिसळलेला रंग पुढच्या बैठकीला तंतोतंत जुळावा, म्हणून चित्रकार असा नमुना ठेवतो. ज्याने चेहरा रंगवला त्याचेच हे ठिपके. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत नोंद होती. ‘बैठक १, कपाळ.’ ‘बैठक ४, साहेब उशिरा.’ शेवटची अशी: ‘बैठक ७. साहेब हसले. ओठ पुन्हा केले. योसेफ भिंगारदिवे.’

गणपतला मी वाचून दाखवलं. तो झाडू घेऊन वाळवीची माती गोळा करू लागला.

रासने वकिलांना मी त्याच दिवशी भेटलो. ते म्हणाले, “आता दोन रिपोर्ट होतील. खरा कुठला?”

“दुसरा.”

“मग पहिला चुकला, असं त्यात लिहा.”

लिहिलं. कुठे चुकला तेही लिहिलं. तेव्हापासून मी चौकट काढल्याशिवाय रिपोर्ट देत नाही. कधी एक-दोन दिवस जास्त लागतात. लागू देत.

मग नगरजवळच्या सावेडीला मास्तरांच्या लेकीच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, चौकटीबद्दल खोटं बोललो तेही. माफी मागितली. त्यांनी आधी चित्राचंच विचारलं.

“सातवी बैठक वाचलीस? त्या दिवशी मुलगा झाल्याची तार आली होती साहेबाला. एरवी तो कुठला हसायला.”

मी म्हणालो, पुन्हा सही करा, मी वरून वॉर्निश देतो.

“नको. तुझ्यासारखा आणखी कोणी येईल आणि तीही खोटी ठरवील.” मग म्हणाले, “माझं राहू दे. सही गेली तरी कडेला माझं नाव आहे, हे मला माहीत होतं. गणपतकडे काय होतं? नुसता शब्द. तू तो कागदावर खोटा ठरवलास. वर्षभर तिथे त्याला ‘साक्षीदार’ म्हणून हाका मारतात. ठाऊक आहे का तुला?”

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पाटी लावायच्या दिवशी दिवाणखान्यात आम्ही दोघेच होतो. गणपत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढला. स्टुलाचा एक पाय आखूड होता. मी वाकून ते धरलं. मास्तरांच्या नावाची पाटी सरळ बसेपर्यंत धरून ठेवलं.

तो खाली उतरला तेव्हा मी म्हणालो, “गणपतराव, तुम्ही खरं सांगितलं होतं. मला ऐकायचं नव्हतं. तुम्हाला मी खोटं पाडलं. माझं चुकलं.”