बॅटरीच्या गाडीतून सासुरवाडीला

आष्ट्यातून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि दोन महिने डोक्यात चाललेला घोळ तसाच चालू होता. जुनी गाडी विकून झालेली, नवी घ्यायची. पेट्रोलची की बॅटरीची, एवढंच ठरत नव्हतं. फौजेत चोवीस वर्षं मी ड्रायव्हर होतो. बर्फात, वाळूत, चिखलात ट्रक हाणले. आणि आता दारापुढच्या एका गाडीपायी माझी मती गुंग व्हावी, हे गावात कुणाला सांगायचीही चोरी.

घोळाचं कारण आमची मंडळी, सुनंदा. तिला गाडी लागते. लागते म्हणजे कशी, तर कराड ओलांडलं की पिशवी तोंडाशी. तिचं माहेर कोयनानगर. थोरला भाऊ तिथल्या धरण वसाहतीत नोकरीला होता, निवृत्त होऊन तिथंच राहिला. दर भाऊबीजेला तोच एसटीनं आमच्याकडं यायचा. गेल्या वर्षी लकव्यानं त्याची डावी बाजू गेली. सुनंदा बघायला गेली ती रस्ताभर ओकत, आणि तिथं पोचल्यावर दोन दिवस आडवी. भाऊच म्हणाला, ‘बाई, आता येऊ नगंस. तुझं हाल बघवत न्हाईत मला.’ तेव्हापासून तिचा एकच धोशा. ‘गाडी कुठली बी घ्या, पण मला दादाकडं नेईल अशी घ्या.’

पेट्रोलच्या वासानं तिला मळमळतं, हा माझा पक्का समज. बॅटरीच्या गाडीला ना वास, ना धूर. म्हणून पलटणीतला दोस्त भगवान याची बॅटरीवरची गाडी दोन दिवसांसाठी मागून आणली. ‘जा गड्या, बघ चालवून. पण एसी बेतानं लाव, न्हाईतर बसशील ढकलत,’ एवढा धीर त्यानं दिला. दादासाठी कृष्णाकाठची वांगी घेतली होती. ती पिशवी आणि माझी टोपी पुढच्या सीटवर ठेवली, सुनंदा मागं बसली, आणि निघालो.

गाडी आवाजच करत नाही. पेठ नाक्याच्या अलीकडं एक म्हातारा शेळ्या घेऊन रस्त्याच्या मधोमध चालला होता. अगदी पाठीशी गेलो तरी त्याला पत्ता नाही. हॉर्न दिला तसा दचकून वळला. ‘आवाज न्हाई, काय न्हाई. कुठनं उगवलास रं?’ मी म्हटलं, ‘आवं बाबा, बॅटरीची हाय.’ त्यानं वाकून गाडीखाली पाहिलं आणि मान हलवत बाजूला झाला.

कराडपर्यंत झकास. मल्हारपेठही गेलं. ‘वास न्हाई खरा,’ सुनंदा मागून म्हणाली, आणि माझी छाती फुगली. मनातल्या मनात मी बॅटरीची गाडी बुकसुद्धा करून टाकली. पाटणच्या पुढं नदीकाठानं वळणं सुरू झाली आणि दहा मिनिटांत ती म्हणाली, ‘थांबवा.’

तीन वेळा थांबलो. या गाडीची एक खोड आहे. पाय उचलला की ती स्वतःच ब्रेक लागल्यासारखी आवरते. दर वळणाला हिसका. म्हणजे वास नाही तर हिसका. मग पेट्रोलच बरी की काय? रस्त्याकडेच्या दगडावर ती तोंड धूत बसली होती आणि मी तिच्या डोक्यावर छत्री धरून हा विचार करत होतो, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

कोयनानगरला दादा दारातच खुर्चीत बसला होता. बहिणीचा चेहरा बघून त्यानं उजव्या हातानं तिचा हात धरला. ‘कशापायी आलीस गं?’ ती म्हणाली, ‘मला काय झालंय? ठणठणीत हाय मी.’ दोघं एकमेकांशी धडधडीत खोटं बोलत होती. मला तिथं उभं राहवेना. गाडी चार्जिंगला लावायचं निमित्त काढून मी बाहेर आलो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढली. वहिनींनी मिक्सर सुरू केला आणि सगळ्या घराचे पंखे थांबले. ‘धरणाच्या पायथ्याला ऱ्हाऊन आमची ही गत, पाव्हणं,’ दादा म्हणाला आणि कितीतरी वेळ हसत राहिला. फ्यूज बदलला. मग चटणी पाट्यावर वाटली, आणि वांग्याची भाजी, नाचणीची भाकरी आणि माडगं (हुलग्याची पातळ पेज) असं जेवण झालं. सुनंदानं नुसतं माडगं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा मुलगा प्रकाश त्याच्या पेट्रोलच्या गाडीनं कराडला औषधं आणायला निघाला. सुनंदा म्हणाली, ‘मी ह्याच्यासंगं कराडपातूर जाते. तुमच्या त्या गाडीत ही वळणं नगं.’ चोवीस वर्षांच्या ड्रायव्हरला बायकोनं असं सांगावं. मी आपला मागून निघालो. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता प्रकाश गाडी बाजूला घेईल. पाटण गेलं, मल्हारपेठ गेलं, गाडी काही थांबेना. कराडात पोचून बघतो तर ही भेळ खातेय.

मी विचारलं, ‘अगं, पेट्रोलचा वास?’

‘आला की. पण काय झालं न्हाई.’

‘काय हुतंय मामा?’ प्रकाश म्हणाला. ‘पुढं बसली हुती आत्या. तुमी मागं बसवता व्हय तिला?’

मी बसवत नव्हतो. ती बसत होती. वडील होते तोवर पुढची सीट त्यांची. सून सासऱ्याच्या मागं. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत मी ‘पुढं ये’ म्हटलं नाही, तिनं विचारलं नाही. फौजेत ड्रायव्हरशेजारी साहेब बसतो, नाहीतर सीट मोकळी. मला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. भर बाजारात, भेळेच्या गाड्यापुढं, मला स्वतःची फार लाज वाटली.

प्रकाश औषधांच्या दुकानाकडं गेला. मी आमच्या गाडीचं पुढचं दार उघडलं. ती घुटमळली. ‘आवं, गावात शिरताना लोक काय म्हणतील?’

‘म्हणू देत. बस.’

हायवेला लागलो तशी ती बोलायला लागली ती थांबेचना. ‘ह्यो डोंगर इथं हाय व्हय? मला वाटायचं कराडच्या पलीकडं.’ आगाशिवचा डोंगर. एकतीस वर्षांत याच रस्त्यानं किती वेळा गेली, पण डोळे मिटून, नाहीतर पिशवीत तोंड घालून.

पेठ नाक्याजवळ शोरूमवाल्याचा फोन आला. ‘साहेब, ठरलं का?’ मी काय सांगणार? वळणावर, पुढं बसून, पेट्रोलला तिला काही झालं नाही. सपाटीला, पुढं बसून, बॅटरीलाही नाही. वळणावर, पुढं बसून, बॅटरीला काय होईल, देव जाणे. ‘कळवतो,’ म्हणून फोन ठेवला. गुंता उलट वाढला होता.

आष्ट्याची कमान दिसली तेव्हा सुनंदा समोरच्या काचेतून बघत म्हणाली, ‘परत कवा जायाचं दादाकडं?’

लग्नाला एकतीस वर्षं झाली, हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, ‘रविवारी.’ कुठल्या गाडीनं, ते तिनं विचारलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं.