रविवारी धूर सोडणारी गाडी

"गाडी फक्त रविवारीच धूर सोडते," पास्कल अंकल म्हणाले. "बाकीचे दिवस एकदम शहानी."

मी विरारला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. तीस वर्षांत वार बघून बिघडणारी गाडी पाहिली नव्हती. ही अंकलच्या वडिलांची, गोल पाठीची, इंजिन मागे असलेली. फादरकडून तिच्यावर पवित्र पाणीही शिंपडून झालं होतं. येत्या शनिवारी मुलीचं, सँड्राचं लग्न. तिला याच गाडीतून चर्चला न्यायचं हे अंकलचं जुनं स्वप्न. पण फिलोमिना आंटीनं बजावलं होतं, आणखी एकदा धूर दिसला की लग्नाला भाड्याची गाडी, आणि ही भंगारात.

गुरुवारी मी वायरिंग तपासलं. ठीक. एकटाच राजोडीपर्यंत दोनदा जाऊन आलो. धूर नाही, वाससुद्धा नाही.

"बघ, आजपन नाय," अंकल रडकुंडीला आले.

"रविवारी चर्चला जाताना गाडीत कोण कोण असतं?"

"मी चालवतो. बाजूला सँड्रा. मागे तिची आई."

मी आंटीला विनंती केली. आंटी अंगानं भरभक्कम. मागच्या सीटवर उजवीकडे ऐसपैस बसल्या. "रविवारी इथंच बसते मी." गाडी गल्लीच्या टोकाला पोचली नाही तोच काथ्या जळल्याचा वास आला. सगळे बाहेर उतरलो. मी सीट उचलली.

या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली असते, उजव्या बाजूला. बॅटरीचं एक टोक, म्हणजे टर्मिनल, गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. दुसरं पत्र्याला लागलं की शॉर्ट सर्किट. सीटच्या स्प्रिंगा पत्र्यावरच टेकलेल्या. वरून वजन आलं की स्प्रिंग खाली दबून त्या दुसऱ्या टोकाला चिकटायची. ठिणगी उडायची, सीटमधला काथ्या पेटायचा.

कारण सापडलं, पण ते सांगायचं कोणी? अंकल माझ्या कानात कुजबुजले, "तिला नको बोलू हां. मला घरात राहायचाय."

मी घसा खाकरला. "आंटी, स्प्रिंगा जरा म्हाताऱ्या झाल्यात."

"सरळ बोल ना दिलीप, मी जाडी हाय."

विषय बदलायला म्हणून मी बॅटरीकडे बोट दाखवलं. "हिच्यावर एक झाकण असायला हवं. कितीही वजन आलं तरी स्प्रिंग टेकत नाही. ते कुठंय?"

अंकल एकदम घरासमोरच्या आंब्याच्या झाडाकडे बघायला लागले. मी पण बघितलं. झाडाखाली कोंबड्या एका काळ्या चौकोनी भांड्यातून पाणी पीत होत्या.

आंटी शांतपणे तिकडे गेल्या, पाणी ओतून दिलं आणि झाकण माझ्या हातात ठेवलं.

"नीट बसत नव्हता," अंकल पुटपुटले. "पॉलिश करताना काढला..."

"माझी सीट जळाली, फादरला तरास दिला, आनि तुझ्या कोंबड्या ऐटीत पानी पितात?"

झाकण धुऊन वाळवलं. टर्मिनलवर रबरी टोपी चढवली, बॅटरी पट्ट्यानं घट्ट आवळली, नव्या स्प्रिंगा टाकल्या. वर एक रबरी मॅट.

शनिवारी मी चर्चच्या गेटवर उभा होतो. फुलांच्या पिशवीत आग विझवायचा सिलिंडर. गाडी आली. मागे सँड्रा, आणि तिच्या उजवीकडे, नेमक्या बॅटरीवर, आंटी. अंकलची नजर आरशात, रस्त्यावर कमी. धूर नाही. आंटी उतरल्या, सीटवर एक थाप मारली आणि नवऱ्याकडे असं बघितलं की मलाच घाम फुटला. सँड्राचा हात धरून अंकल आत गेले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही, उगाच कशाला लपवू.

तेव्हापासून कोणी म्हणालं, "गाडी अमुक वारीच बिघडते", तर मी आधी विचारतो, त्या दिवशी कोण कुठे बसतं. आणि बसणाऱ्याबद्दल तोंड उघडण्याआधी झाकण शोधतो.