डाव्या हाताची कढई

कढई शेगडीवर ठेवायची, तिच्या कानाला टिचकी मारायची आणि ती गरकन फिरली की हात झटकून म्हणायचं, "रिजेक्ट!" आमच्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या कढया फौजीकाकांनी अशाच नापास केल्या. माझीसुद्धा.

काका मूळचे पलूसकडचे. सगळी नोकरी सैन्यात, तीही लंगरात. बर्फातल्या चौकीवर अख्ख्या कंपनीला गरम जेवण घातलेला माणूस. निवृत्त झाल्यावर इस्लामपुरात आमच्या समोर घर बांधलं. असा फौजी तुमच्याही गल्लीत असेल. पहाटे अंगण झाडणार, पेपर मोठ्यानं वाचणार आणि नळाला पाणी कमी आलं की सगळ्यांना दारात उभं करून जाब विचारणार. मला ते 'मॅडम' म्हणत. आमच्या घरातली कॉलेज पुरं केलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. त्यांनाही सांगितलं होतं. तेव्हापासून मॅडम.

काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. चालता येऊ लागलं, बोलणंही सुधारलं, हात मात्र तसाच लोंबता राहिला. स्वयंपाक काकांकडं आला. त्यांना वाटलं, आपलं तर हे कामच आहे. पण काकूंना तो घास गोड लागेना.

"तुमी केल्यालं गिळतीया मी," त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "पर जेवल्यागत वाटत न्हाई. माझं घर हाय, लंगर न्हाई."

एकदा त्या हट्टानं शेगडीपुढं उभ्या राहिल्या. डाव्या हातानं वांगं परतायला गेल्या, तर धरायला दुसरा हात नाही. कढई उलथन्याबरोबर फिरली, कलंडली आणि तेल पायावर आलं. भाजलं थोडंच. पण त्यानंतर काकू स्वयंपाकघराकडं पाठ करून बसायला लागल्या. ताट समोर आलं की दोन घास खाऊन सारायच्या. बघता बघता बाई वाळून गेली. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. काका म्हणाले, "टॉनिक नको, कढई पायजे. न फिरणारी."

मग त्यांनी घरोघरी जाऊन कढया मागायला सुरुवात केली. आमच्याकडं रिकामं भांडं परत द्यायची पद्धत नाही. त्यामुळं कढई ज्याची त्याला मिळायची, पण आत काकांनी त्या दिवशी परतलेलं काहीतरी असायचं. शेजारच्यांना एका अंगाला काळा पडलेला बटाटा गेला. कोपऱ्यावरच्यांना कच्ची गवार. कंपनी पोसलेल्या माणसाच्या हातचं असलं कसं, म्हणून बायका पदराआड हसायच्या. माझ्या नॉनस्टिकमध्ये कोबी आला, अर्धा करपलेला, अर्धा पांढराफेक.

मी म्हटलं, हे काय गौडबंगाल आहे ते बघावं. दुपारी सरळ आत गेले. काका शेगडीपुढं उभे होते. उजवा हात टॉवेलनं कमरेला घट्ट बांधलेला, डाव्या हातात उलथनं, कपाळावर घाम.

"काका, हे काय?"

"तिच्या जागेवर हुबं राहून बघतूय," ते न वळता म्हणाले. "डावा हात सावकाश असतोय मॅडम. पातळ बूड त्याच्यासाठी थांबत न्हाई. तुमची कढई लय घाई करती. रिजेक्ट."

नवरे बायकोसाठी साड्या आणतात, दागिने करतात, दवाखान्यात रात्री बसतात, हे सगळं मी पाहिलंय. बायकोच्या पांगळेपणात स्वतःला असं बांधून घेतलेला नवरा मी तोवर पाहिला नव्हता.

त्या दुपारी मीही एक गोष्ट सुचवली. म्हटलं, "काका, कढई दुकानात बघून काय कळणार? बसायचीय ती तुमच्या शेगडीवर. शेगडीची जाळीच घेऊन जाऊ की."

"शाब्बास! शिक्षान वाया गेलं न्हाई."

बाजाराच्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागं काका, त्यांच्या मांडीवर पिशवीत शेगडीची जाळी. भांड्यांच्या दुकानातले चाचा त्यांच्याच वयाचे. काकांनी गल्ल्याशेजारी जाळी मांडली, खिशातनं शेंगदाणे काढले, उजवा हात पाठीमागं नेला आणि एकेका कढईत दाणे टाकून डाव्या हातानं परतायला लागले. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.

"आवं फौजी," चाचा म्हणाले, "कढई घ्यायला आलायसा का भरती घ्यायला?"

"भरतीच हाय. उंची, छाती, वजन, सगळं बघणार."

आणि खरोखर बघितलं. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, कढई हलकी, पहिल्याच फेरीत फिरली. सपाट बुडाची जाळीवरनं घसरली. लांब दांड्याची दांड्याच्या बाजूला कलली. पसरट तोंडाची डुलायला लागली आणि दाणे बाहेर उडाले. बिडाची जागची हलली नाही, पण काकांनी ती बराच वेळ हातात धरून खाली ठेवली. "पडली तर फुटती. एकदा फुटली तर आमची ही पुन्हा शेगडीला हात लावायची न्हाई."

चाचांनाही आता हा खेळ वाटेना. ते आत गेले आणि पोत्यांमागून एक लोखंडी कढई घेऊन आले. तोंड लहान, पोट खोल, बूड जाड, कान रिबिटानं पक्के ठोकलेले. जाळीवर ठेवली तर चारी दातांमध्ये पोट बरोबर खाली बसलं. काकांनी टिचकी मारली. नाही फिरली. दाणे घातले, परतले, जोरानं परतले. नाही फिरली.

"पण काका, ही जड आहे," मी म्हटलं. "काकू उचलणार कशा?"

"उचलायचीच कशाला? ताट शेजारी ठेवायचं, तितनंच वाढायचं. गार झाल्यावर उतरणं, घासणं, तेल लावून ठेवणं, ह्यो माझा डिपार्टमेंट."

घरी आणल्यावर त्यांनी ती घासली, तापवली, तेल चोपडलं, कांदा काळा होईस्तोवर परतून फेकून दिला, पुन्हा तेल चोपडलं. दोन-चार दिवस हेच. लोखंड काळंभोर, तुकतुकीत झालं, तेव्हा कुठं कढई काकूंपुढं ठेवली. म्हणाले फक्त, "बघ जमतंय का."

आता दोघं मुलाकडं फलटणला असतात आणि समोरच्या दाराला कुलूप असतं. मला मात्र तो पहिला दिवस अजून दिसतो.

काकूंनी पदर खोचला तोही एका हातानं आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. "कुनी आत यायचं न्हाई." पिठलं करायचं ठरवलं होतं त्यांनी. पीठ आधीच कालवून ठेवलं होतं. आम्ही अंगणात खिडकीखाली उभे राहिलो. मोहरी तडतडली. मिरचीचा खकाणा बाहेर आला, मला ठसका लागला. मग उलथन्याचा आवाज सुरू झाला, लोखंडावर लोखंड, सावकाश, थांबत थांबत.

आणि एकदम खण्णकन काहीतरी फरशीवर पडलं.

मी दाराकडं धावले. काकांनी हात आडवा घातला. आत काहीच आवाज नव्हता. खाली वाकणं काकूंना किती अवघड जातं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. काकांच्या मानेची शीर उडत होती, पण पाय जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळानं नळ सुटल्याचा आवाज आला. उलथनं धुतलं जात होतं. मग पुन्हा लोखंडावर लोखंड.

"आत येऊ नगा, सांगून ठिवते!" काकू आतून ओरडल्या.

"कोन येतंय?" काका परेडच्या आवाजात म्हणाले. "मी हितं निवांत बसलोय!"

ते उभे होते. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून, बोटं पांढरी पडेस्तोवर.