मक्यात शिरणारा माणूस

क्लेमेंट एगेसाने अठरा वर्षांच्या नोकरीत एकदाही बंदूक हातात धरली नव्हती. सरहद्दीवरचा सरकारी माणूस म्हटलं की लोकांना बूट आणि बंदूक दिसते. एगेसाकडे होतं एक डुगडुगणारं टेबल, चार रंगांची पेनं आणि पाठीचं दुखणं. बुसिया या सरहद्दीवरच्या गावाच्या खाली, तळ्याच्या अंगाला जी कचेरी आहे, तिथे बसून तो कागद वाचायचा. खबऱ्यांनी पाठवलेली टिपणं, नाक्यावरच्या नोंदी, फोनच्या याद्या असं सगळं समोर पसरायचं आणि कोण कुठून काय घेऊन चाललंय ते ओळखायचं. शितावरून भाताची परीक्षा, हाच त्याचा धंदा. आणि खोटं कशाला बोला, त्याचा हात चांगला बसला होता. एकदा नुसत्या बटाट्याच्या पोत्यांच्या नोंदींवरून त्याने मोटारसायकली चोरणारी टोळी हुडकून काढली होती.

त्याचे साहेब म्वाकिओ. समुद्राकडच्या डोंगरांतले, इथली भाषा त्यांना ओ की ठो कळायची नाही, आणि तसं ते उघड कबूलही करायचे.

“एगेसा, तू इथे जन्मलेला. खाली तुझी सही असली की मी डोळे मिटून शिक्का मारतो,” असं ते चारचौघांत म्हणायचे.

एगेसाला हे ऐकायला आवडायचं. कुणाला आवडणार नाही? घरी येऊन बायकोला तो ते पुन्हा एकदा सांगायचा, आणि ती म्हणायची, “बरं झालं, आता हात धुवा आणि जेवायला बसा.”

जूनमध्ये वरून हुकूम आला. पलीकडून बंदुकीच्या गोळ्या येताहेत, डोळ्यांत तेल घालून बघा. महिन्याभरात सात नंबरचं टिपण आलं. सात नंबर म्हणजे साध्या कपड्यांतला एक शिपाई, थंड डोंगराकडून नुकताच बदलून आलेला. त्याने लिहिलं होतं की मंगळवारी आणि शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, एक इसम सायकलवर दोन पोती लादून उंदीरवाटेने अलीकडे येतो. उंदीरवाट म्हणजे नाका चुकवणारी पायवाट. आमच्याकडे अशा वाटा घरटी एक आहेत. समोरून साठीची एक बाई येते, डोक्यावर टोपली. ती लांबून दिसली की इसम सायकल टाकतो आणि मक्यात शिरतो. बाई तोंड फिरवून, न थांबता निघून जाते. ती गेली की इसम बाहेर येऊन सायकल उचलतो. तीन आठवड्यांत सहा वेळा.

एगेसाने ते दोनदा वाचलं आणि हिरवं पेन उचललं. पुरुषाला ‘अ’ केलं, बाईला ‘ब’ केलं. कचेरीच्या छापील कागदावर वय, फोन, वाहन, सामान सगळ्याला रकाने आहेत; कोण कुणाचं कोण, हे विचारणारा रकाना नाही. ‘ब’ पुढे रस्ता बघून येते, असं त्याने ताडलं. ती तोंड फिरवते म्हणजे पुढे धोका आहे. ‘अ’ लपतो म्हणजे पोत्यांत लपवण्यासारखं काहीतरी आहे. सुतावरून स्वर्ग गाठला बघा शहाण्याने! आणि शेवटी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: ‘येत्या मंगळवारी पकडावे. ब दिसताच अ पळतो. पळू देऊ नये.’ खाली सही केली.

म्वाकिओसाहेबांनी डोळे मिटून शिक्का मारला.

मंगळवारी सकाळी साडेआठला एगेसा कचेरीबाहेर फ्लोराच्या टपरीवर उभा होता. सरहद्द ओलांडायला थांबलेल्या ट्रकांची रांग तिथपर्यंत आली होती. फ्लोराने गरम मंदाझी, म्हणजे तळलेला गोड पाव, कागदात बांधून दिली. त्याने पहिला घास तोंडात घातला, आणि समोरून काखेत कोंबडी धरून त्याची सासू आली.

एगेसा तिथे नव्हताच. एका ट्रकच्या मागच्या चाकाआड, चिखलात उकिडवा बसला होता. सासूबाईंनी डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं, तोंड नदीकडे केलं आणि टपाटपा पावलं टाकत त्या निघून गेल्या.

“या बाहेर साहेब, गेल्या तुमच्या सासूबाई!” फ्लोरा ओरडली. “अख्खं सरकार चाकाखाली घुसलं की हो!”

दोन ड्रायव्हर खदाखदा हसले. एगेसाही हसला. आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांच्या समोर येत नाहीत. वाटेत गाठ पडलीच तर तिने तोंड फिरवायचं, त्याने वाट सोडायची. त्यात भीती नाही की भांडण नाही, तो मान आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली, एगेसा या काळात केळीत शिरला होता, गोठ्यात शिरला होता, एकदा दवाखान्यात पडद्यामागे दुसऱ्याच्या खाटेवर बसला होता. शिंक आली की तोंडावर हात जातो, तसं ते व्हायचं. मोजतो कोण?

त्याने गुडघ्यांवरचा चिखल झटकला. आणि तोंडातला घास तोंडातच राहिला.

वाट सोडतो. आड होतो. बाई तोंड फिरवते, न थांबता जाते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे त्या वळशावर त्याने सहा बंदूकवाले पाठवले होते. मंदाझी तिथेच टाकून तो कचेरीत साहेबांकडे धावत सुटला. फ्लोरा मागून काहीतरी ओरडली ते त्याला ऐकूच आलं नाही.

“साहेब, थांबवा! ती त्याची सासू आहे!”

म्वाकिओसाहेब चहा ओतत होते. “कोण कुणाची सासू?”

“अ आणि ब! तो पळत नाही साहेब, तो वाट सोडतो. मीसुद्धा आत्ता... आम्ही सगळेच सोडतो!”

“म्हणजे तो बाईला घाबरतो?”

“घाबरत नाही हो, मान देतो! फोन लावा ना!”

साहेबांचा चेहरा उतरला. “फोन सगळ्यांचे काढून घेतलेत. आतून बातमी फुटू नये म्हणून तूच लिहिलं होतंस.”

एगेसाने दारातल्या मोटारसायकलवाल्याला खांद्याला धरून हलवलं आणि मागे बसला. खाली उंदीरवाटेपर्यंत पंचवीस मिनिटं लागतात. तो सारखा घड्याळात बघत होता आणि मोठ्याने बोलत होता, “आज नको येऊस. ताप येऊ दे तुला. सायकल पंक्चर होऊ दे.” मोटारसायकलवाल्याला वाटलं, साहेबाचं डोकं फिरलं.

ओढा ओलांडताना दोन आवाज आले. एक, आणि लगेच दुसरा.

सायकल वाटेवर आडवी पडली होती. पोती फाडलेली, आणि वाटभर सुकट पसरलेली, बोटाएवढी चंदेरी मासळी. दुसरं काही नाही. पहाऱ्याचे शिपाई एकमेकांकडे बघत उभे होते. त्यांतला सर्वांत थोराड म्हणाला, “पळू देऊ नये असं होतं, साहेब. तो पळाला.”

मक्याच्या दुसऱ्याच ओळीत तो माणूस पडला होता. तिशीचा, डोळे उघडे, पोटावर दोन्ही हात. आणि वाटेवर, सगळ्यांकडे पाठ करून, डोक्यावरून फडकं ओढून एक म्हातारी उभी होती. ती वळत नव्हती.

“कुणीतरी बघा रे त्याच्याकडे!” ती ओरडत होती. “मला येता येत नाही! त्याला पाणी द्या! ओडुओरी नाव आहे त्याचं, ओडुओरी म्हणून हाक मारा!”

एगेसा गुडघ्यांवर बसला. शर्ट काढून त्याने जखमेवर दाबला. शर्ट भिजला, त्याचे हात भिजले.

“ओडुओरी,” तो आपल्या सामिया बोलीत म्हणाला. “ऐकतोयस ना? गाडी येतेय.”

ओडुओरीने मान जराशी उचलायचा प्रयत्न केला. “आई... गेल्या का पुढे?”

“गेल्या,” एगेसा म्हणाला. “गेल्या रे. तू पडून राहा.”

ओडुओरीने मान टेकली. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. एगेसा बराच वेळ दाबत राहिला, मग दाबण्यात अर्थ उरला नाही.

म्हातारीला मागचं काही दिसत नव्हतं. पण सगळे गप्प झाले ते तिला ऐकू आलं. ती वळली. फडकं डोक्यावरून काढून तिने मुठीत धरलं, मका हाताने बाजूला सारत आत आली, खाली बसली आणि जावयाचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. आमच्याकडे जिवंत जावयाला सासू शिवत नाही. वाटेवर जमलेल्या बायकांनी ते पाहिलं आणि हंबरडा फोडला.

म्हातारी रडत नव्हती. ती त्याच्या केसांतली माती काढत होती. “सात वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली. “हा असा दिसतो होय.”

मग तिने वर पाहिलं. एगेसाचे उघडे खांदे, रक्ताने भरलेले हात आणि गळ्यातली कचेरीच्या ओळखपत्राची पट्टी तिने नीट बघितली.

“तू आपल्या बोलीत बोललास,” ती म्हणाली. “आपल्यातलाच ना रे तू?”

एगेसाने होकारार्थी मान हलवली.

“मग या परक्यांना सांगितलं का नाहीस, बाळा? तुला तर ठाऊक होतं.”

ती उत्तराची वाट बघत त्याच्याकडे बघत राहिली.